सत्ताविसावा क्रूस

आपल्या मरणाची घटका कोणालाही ठाऊक नसते. ते गुपित परमेश्वराने स्वतःपाशी राखून ठेवलं आहे आणि राजे, पोप, शास्त्रज्ञ यांपैकी कोणालाही त्याने ते आजवर सांगितलेलं नाही. अलिडा स्टोफर्सच्या बाबतीत मात्र ते बटर बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं होतं, आणि तो डबा चर्चमध्ये झाडूंच्या कपाटात होता.

अलिडाला हे कळलं ते दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि गुडघे सोडले तर तिच्यात काही बिघाड नव्हता. आम्सटरडॅमच्या भर बाजारपेठेत, मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आणि तळलेल्या बटाट्यांचा ठेला यांच्यामध्ये जे अरुंद दार आहे, त्यातून ती सहा महिन्यांनी आत शिरत होती. दारावर एक दगडी हातमोजा आहे, म्हणून त्या चर्चला सगळे ‘हातमोजा’च म्हणतात. कॅथलिकांना उघडपणे मिस्सा, म्हणजे आपली उपासना, करायची बंदी होती, तेव्हा एका हातमोजेवाल्याने आपल्या घराच्या पोटात ते बांधून दिलं. बंदी उठून दोनशे वर्षं झाली. चर्च अजून लपूनच आहे. एवढ्या वर्षांची सवय जात नाही.

आत दोन दारं आहेत. पहिलं उघडलं तरी बाजार ऐकू येत राहतो. दुसरं पाठीमागे लागलं की तो कोणीतरी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखा नाहीसा होतो. फक्त मागच्या रस्त्यावरची ट्राम आत येते, आणि तीही कानांतून येत नाही, तळपायांतून येते.

अलिडा आली होती नवऱ्यासाठी मेणबत्ती लावायला. रीनुसला जाऊन अकरा वर्षं झाली होती. ईस्टरपासून ती कालव्यापलीकडच्या नव्या चर्चमध्ये जात असे. तिथे ऊब चांगली होती, फक्त फादर गिटार वाजवायचे. पण रीनुसची मेणबत्ती तिथे लावणं तिला बरं वाटेना. रीनुसला दुसरं चर्च चाललं नसतं. हेही चालत नव्हतं म्हणा, पण याच्यावर त्याचा राग जुना होता.

मेणबत्ती लावून ती वळली आणि सवयीने उजवीकडच्या भिंतीकडे पाहिलं.

वर्षभरात जे कोणी गेलं, त्याच्या नावाचा क्रूस त्या भिंतीवर खिळ्याला टांगतात. तळहाताएवढा, साध्या लाकडाचा, नाव आणि सालं तापल्या सुईने जाळून कोरलेली. मृतांच्या दिवशी फादर एकेक नाव वाचतात. नाव आलं की घरचं माणूस उठतं, मेणबत्ती लावतं, क्रूस काढून घेतं आणि घरी नेतं. शेवटच्या नावानंतर घंटा होते, वर्ष बंद होतं, भिंत कोरी होते.

यंदा सत्तावीस होते. अलिडाने चष्मा सरळ केला. कुलूपवाला देकर. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, एकाच महिन्यात. आणि शेवटच्या, सगळ्यांत वरच्या ओळीत, शेवटच्या खिळ्यावर: अलिडा स्टोफर्स. खाली जन्माचं साल, एक रेघ, आणि रेघेनंतर हेच साल.

मागून ट्राम गेली. भिंत हलली. सगळे क्रूस आपापल्या खिळ्यावर टक, टक, टक करत भिंतीवर आपटले. शेवटचा सोडून. तो हलला नाही.

“योप,” अलिडाने हाक मारली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा लहान निघाला. “हे काय आहे?”

चर्चची देखभाल करणारा योप खुर्च्या मांडत होता. तो वळला, तिच्याकडे पाहिलं, आणि हातातली खुर्ची खाली ठेवायला विसरला.

“स्टोफर्सबाई,” तो म्हणाला. “तुम्ही आलात.”

“म्हणजे? यायचं नव्हतं?”

“तसं नाही. पण एकदा तिथं लागल्यावर,” त्याने हनुवटीने भिंत दाखवली, “सहसा कोणी येत नाही.”

तो जवळ आला आणि तिच्या कोटाच्या बाहीला त्याने हळूच एक बोट लावून पाहिलं.

“बोट काढ,” अलिडा म्हणाली. “मी काय ओला रंग आहे?”

योपने बोट काढलं. मग तो कपाटाकडे गेला आणि झाडूंच्या मागून बिस्किटांचा डबा घेऊन आला. डबा रिकामा होता. त्याला लोण्याचा आणि जळक्या लाकडाचा वास येत होता.

“सेर्व्हासचा,” तो म्हणाला.

सेर्व्हास पूल्स अलिडाला माहीत होता, म्हणजे आपल्या मागे बसणारा माणूस जेवढा माहीत असतो तेवढा. क्रूस करणारा तो. तीस वर्षं शेवटच्या बाकावर बसायचा, कोणाशी बोलायचा नाही, मिस्सा संपली की सगळ्यांच्या आधी निघून जायचा. फेब्रुवारीत गेला.

“हिवाळ्यात त्याला दिसायचं नाही,” योप म्हणाला. “हातही थरथरायचे. म्हणून तो उन्हाळ्यात, उजेड असताना, पुढच्या वर्षाचे करून ठेवायचा.”

“पुढच्या वर्षाचे? कोण जाणार ते कळायच्या आधी?”

“मलाही तो गेल्यावरच कळलं. त्याच्या घरून हा डबा आणला. आत सत्तावीस. सगळ्यांत वर त्याचा स्वतःचा. मी म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असेल. मग मार्चमध्ये देकर गेला, आणि देकर डब्यात होता. मग त्या बहिणी. दोघी डब्यात होत्या. एकीला एक चिकटून.” योपने डब्याचं झाकण लावलं, जणू अजून आत काहीतरी होतं. “सव्वीस माणसं गेली बाई, आणि मला एकही नवा क्रूस करावा लागला नाही. आणि जास्तीचाही एकच उरला.”

“आणि तू तो टांगलास.”

“तुम्ही ईस्टरपासून दिसला नाहीत. फोन केला तर नंबर बंद. मग फीनाबाईंना विचारलं.”

“काय म्हणाली?”

योपने डबा या हातातून त्या हातात घेतला.

“बोल.”

“म्हणाल्या, गेली असणार. जिवंत असती तर एव्हाना भांडायला आली असती.”

भांडणाचं कारण तिथून दिसत होतं: तिसऱ्या बाकाशेजारचा गरम पाण्याचा रेडिएटर. गॅस महागला तेव्हा चर्चने बाकीचे सगळे बंद केले, तेवढा एक चालू ठेवला. त्याच्याजवळ दीड बाई बसेल एवढी जागा होती. तीस वर्षं शेजारी बसलेल्या अलिडा आणि फीना या दोन बायका होत्या. ईस्टरच्या रविवारी फीनाने त्या उरलेल्या अर्ध्या जागेवर आपली पिशवी ठेवली. अलिडाने विचारलं, हिचा बाप्तिस्मा झालाय का. फीना म्हणाली, पिशवी निदान मिस्सेत घोरत नाही. त्यानंतर दोघी एकमेकींचं तोंड पाहिनाशा झाल्या.

“त्याला कसं कळायचं?” अलिडाने विचारलं.

“सेर्व्हासला? तो मागे बसायचा ना. एकदा मला म्हणाला होता, माणसाचा चेहरा खोटं बोलतो, पाठ बोलत नाही.”

अलिडाची पाठ आपोआप ताठ झाली.

“आणि कधी चुकला नाही?”

“एकदा मला वाटलं, चुकला.” योपचा आवाज खाली गेला. “तुम्ही त्या वर्षी गुडघ्यासाठी इस्पितळात होता. तो पाववाला फोस आठवतो? दोन नोव्हेंबरला त्याचा क्रूस भिंतीवर, आणि फोस खाली उभा. जिवंत. काय हसला. सगळ्यांना बोलावून दाखवला. मग चौथ्या बाकावर बसला. नावं झाली, घंटा झाली, सगळे उठले. फोस बसलेलाच. मला वाटलं, डुलकी लागली.”

वर दिवा लावलेला नव्हता. रंगीत काचांतून येणारा उजेड शेवाळासारखा झाला होता.

“वर्ष संपतं कधी?” अलिडाने विचारलं.

“शेवटचं नाव, मग घंटा. साधारण पाच.”

“शेवटचं नाव माझं.”

“हो.” योप घाईघाईने म्हणाला, “शिडी आणतो. काढून टाकतो. यादीतलंही खोडायला सांगतो. दोन मिनिटांचं काम.”

तो निघालाही होता. अलिडा भिंतीकडे पाहत होती. तिला मूल नव्हतं. एक पुतण्या कॅनडात होता, तो नाताळला कार्ड पाठवायचा, आणि गेल्या वर्षी त्यावर चुकून त्याच्या दंतवैद्याचं नाव होतं. नाव वाचल्यावर कोण उठेल? हा विचार एकदा डोक्यात आला आणि कोट काढून आरामात बसला.

“न नेलेल्या क्रुसांचं काय करता तुम्ही?” तिने विचारलं.

“राखेच्या बुधवारी जाळतो. झावळ्यांबरोबर. तीच राख मग फादर सगळ्यांच्या कपाळाला लावतात.”

“म्हणजे मी दर वर्षी कोणाला तरी कपाळावर घेऊन हिंडत होते?”

“त्यात नावं उरत नाहीत, बाई.”

“शिडी नको,” अलिडा म्हणाली. “राहू दे. वाचू देत नाव. बघू या कोण उठतं.”

“आणि कोणी नाही उठलं तर?”

“तर निदान मला कळेल. इतरांना तेही कळत नाही.”

ती जाऊन रेडिएटरशेजारच्या जागेवर बसली. मरायचंच असेल तर उबेत, एवढा व्यवहार तिला कळत होता. फीना अजून आलेली नव्हती.

लोक येऊ लागले. काळे कोट, ओल्या छत्र्या, दबके खोकले. अलिडाने रेडिएटरवर हात ठेवला. योपने तो पूर्ण उघडला होता; आत पाणी गुरगुरत होतं. हाताला मात्र काही जाणवेना. तिने दुसरा हात ठेवला. बोटांची टोकं पांढरी पडलेली होती, आणि ती कोणा दुसऱ्याच्या बोटांकडे पाहावं तशी त्यांच्याकडे पाहत राहिली.

पुढच्या बाकावरची एक बाई मागे वळली. तिने अलिडाच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहिलं, ओठ हलवत नावं वाचली, शेवटच्या नावाशी थांबली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि पुन्हा पुढे वळली. अलिडाला तिने पाहिलंच नाही. नंतर नवे फादर आले, तीन आठवड्यांपूर्वीच या चर्चला लाभलेले. ते प्रत्येक बाकापाशी थांबून घरच्यांचा हात हातात घेत होते. तिसऱ्या बाकावर कडेच्या माणसाचा हात घेतला, मधल्या जोडप्याचा घेतला. अलिडाने हात पुढे केला. फादर पुढच्या बाकाकडे गेले.

फादरांना एका डोळ्याने कमी दिसतं आणि तो डोळा अलिडाच्या बाजूला होता, हे नंतर सगळ्यांना कळलं. पण नंतर कळलेल्या गोष्टी त्या वेळी उपयोगी पडत नाहीत. अलिडाने हात परत कोटाच्या खिशात ठेवला, आणि खिशातही तो गारच राहिला.

ट्राम गेली. सव्वीस क्रूस वाजले.

नावं सुरू झाली. योप वेदीशी पास्खाची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती धरून उभा होता. पहिलं नाव, एक तरुण मुलगी उठली. दुसरं, तिघं भाऊ उठले आणि मेणबत्ती कोणी लावायची यावरून क्षणभर घुटमळले. दर नावामागून पावलं, काडीएवढी ज्योत, खिळ्यावरून निघणाऱ्या लाकडाचा खरखर आवाज. भिंत दात पडत चाललेल्या जबड्यासारखी मोकळी होत चालली.

“सेर्व्हास पूल्स,” फादर म्हणाले.

कोणी उठलं नाही.

फादरांनी कागदावरून नजर वर केली, सगळीकडे फिरवली, पुन्हा खाली नेली. योपची चुळबुळ झाली, पण पास्खाची मेणबत्ती हातातून सोडायची नसते. सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. ज्याने या सगळ्यांच्या आईबापांची नावं एकेक अक्षर जाळून कोरली होती, त्याचं नाव हवेत तसंच लोंबत राहिलं, आणि ते खाली कोणी घेईना. शांतता इतकी लांबली की रेडिएटरमधलं पाणीसुद्धा थांबल्यासारखं झालं.

तर हे असं असतं, अलिडाला वाटलं. असं ऐकू येतं ते.

याच माणसाने तिचं साल पुरं करून ठेवलं होतं. त्याला जाब विचारायला ती थडग्यापर्यंतही गेली असती. पण ही शांतता तिच्याने ऐकवेना. ती उठली. गुडघे कटकटले आणि तो आवाज साऱ्या चर्चभर गेला. ती वेदीपाशी गेली. तिने मेणबत्ती योपच्या ज्योतीला लावली. योपच्या डोळ्यांत पाणी होतं, किंवा मेणाचा धूर. तिची ज्योत उभी राहिली नाही. वारा नसताना ती तिच्याकडे वाकली, जणू काही विचारायचं होतं.

मग ती भिंतीशी गेली आणि तिने सेर्व्हासचा क्रूस काढला. हातभर अंतरावर तिचा स्वतःचा होता. इतक्या जवळून अक्षरं खोल दिसत होती. इतर नावं पुसट, तांबूस जळलेली. हे नाव काळंभोर, पुन्हा पुन्हा सुई फिरवल्यासारखं. ज्याने कोरलं त्याला घाई नव्हती. ट्राम गेली. हातातला सेर्व्हास थरथरला. तिचा क्रूस भिंतीला नुसता लागून राहिला, ऐकत असल्यासारखा.

ती जागेवर येऊन बसली. सेर्व्हासला तिने शेजारच्या अर्ध्या जागेवर ठेवलं आणि त्याच्यावर पिशवी ठेवली.

वीस नावं झाली. तेवीस. पंचवीस. मागे दार एकदा उघडून मिटलं, कोणीतरी उशिरा आलं. बाहेर अंधारून आलं होतं. आता फक्त वेदीजवळच्या ज्योतींचा उजेड होता, आणि तो तिसऱ्या बाकापर्यंत येऊन थांबत होता. अलिडाला तळपाय जाणवेनासे झाले. मग पोटऱ्या. काहीतरी सावकाश वर येत होतं, कालव्याचं पाणी तळघरात येतं तसं, कोणाला काही न विचारता. तिला फोस आठवला. तोही असाच बसला असेल, हसत. घड्याळात पाचला चार मिनिटं कमी होती.

सव्विसावं नाव. पावलं, ज्योत, खरखर.

भिंतीवर एकच उरला.

“अलिडा स्टोफर्स,” फादर म्हणाले.

तिने श्वास घेतला आणि तो सोडायचं राहून गेलं. योप तिच्याकडे पाहत होता. त्याने मान किंचित हलवली, उठा, स्वतःच उठा, असं काहीसं. तिला उठता येत नव्हतं. आणि आलं असतं तरी ती उठली नसती. स्वतःच्या नावाला आपणच उठायचं, यापेक्षा राख झालेली बरी.

शांतता सुरू झाली. तीच ती मघाची, फक्त आता तिच्या मापाची.

फादरांनी नजर वर केली, फिरवली.

मागे कुठेतरी, शेवटच्या बाकाकडे, लाकूड करकरलं. सेर्व्हास बसायचा तिथे. अलिडाच्या मानेवरचे केस उभे राहिले. पावलं येऊ लागली. जड, थांबत थांबत, एक पाय किंचित ओढत. ती मागे वळली नाही. पावलं तिच्या बाकापर्यंत आली, ओलसर लोकरीचा वास आला, आणि तिच्याजवळून न थांबता पुढे गेली.

हिरवी टोपी. बाजूला पीस असलेली, पंचवीस वर्षांपूर्वीच्या सेलमध्ये घेतलेली. अलिडा तेव्हा बरोबर होती; ही टोपी घेऊ नकोस, ही घातलीस की तू पोपटासारखी दिसतेस, हे तिनेच सांगितलं होतं.

फीना वेदीपाशी पोचली. तिची मेणबत्ती पहिल्यांदा पेटली नाही, दुसऱ्यांदा पेटली. मग ती भिंतीशी गेली. क्रूस उंच होता. ती टाचा उचलून उभी राहिली, पोचली नाही, पुन्हा उचलल्या. सगळं चर्च बघत होतं आणि कोणी मदतीला गेलं नाही, कारण तिची पाठ तसं सांगत होती. शेवटी तिने छत्रीच्या मुठीने क्रूस खिळ्यावरून उचलून घेतला. तो तिने तोंडाशी धरला आणि बारीक आवाजात काहीतरी म्हणाली. पहिल्या बाकावरच्यांनी पुढे सांगितलं की ती प्रार्थना होती. योप जवळ उभा होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शब्द असे होते: “एवढ्याशा गोष्टीवरून जातं का कोणी, मूर्ख बाई.”

योपने घंटा वाजवली. बारीक, एकदाच. वर्ष बंद झालं.

अलिडाने राहिलेला श्वास सोडला. मागोमाग दुसरा आपणहून आत आला. तिचा आधी त्यावर विश्वास बसेना. तिसराही आला, तेव्हा बसला. लोक उठू लागले. तिने पाय हलवून पाहिले. बोटांत मुंग्या आल्या, मग तळपायांत, आणि इतका वेळ नुसता गुरगुरणारा रेडिएटर अचानक तिच्या डाव्या मांडीला चांगलाच भाजला.

फीना परत येत होती. गर्दीत खाली मान घालून, क्रूस छातीशी धरून, ती उठून आली होती त्या शेवटच्या बाकाकडे गेलीच नाही; तीस वर्षांच्या सवयीने तिसऱ्या बाकापाशी वळली आणि तिने मान वर केली.

अंधारात, रेडिएटरशेजारी, अलिडा बसली होती.

फीनाचा चेहरा मेणासारखा झाला. हातातला क्रूस बाकाच्या कडेवर आपटू लागला, टक, टक, टक. ट्राम काही जात नव्हती. अलिडाला बोलायचं होतं, पण जीभ अजून उबेला आलेली नव्हती, आणि जिवंत असल्याचा पुरावा म्हणून काय बोलावं हेही तिला सुचेना.

फीनाने क्रुसावरचं नाव पाहिलं. मग बाईकडे पाहिलं. मग मधल्या अर्ध्या जागेकडे, जिथे अलिडाची पिशवी ठेवलेली होती, आणि पिशवीखालून सेर्व्हास पूल्सचं टोक बाहेर आलेलं होतं.

“मेलीस,” फीना म्हणाली, “तरी जागा सोडली नाहीस.”

अलिडाने तिच्या हिरव्या टोपीकडे पाहिलं.

“बरं, ते राहू दे,” फीना म्हणाली. “पिशवी उचल आणि जरा सरक. माझे पाय गारठलेत.”